हव म्हणजे हो नव्हे

मेश्रामबाईंनी समोरच्या माणसाचं पहिलं उत्तर कधी खरं मानलं असेल, असं मला वाटत नाही. तुम्ही साधं "कशा आहात?" विचारलंत, तरी आधी त्यांच्या भुवया वर जायच्या. हा माणूस माझी विचारपूस का करतोय, याच्या अंगाला काय लागलंय, आणि हा मला बोलण्यात गुंतवून नेमका कुठून निसटणार आहे, असे तीन प्रश्न त्या भुवयांत स्पष्ट वाचता यायचे. मग त्या म्हणायच्या, "मी बरी आहे. तू सांग, आज डोक्याले काय चोपडलं?"

आमची ओळखच मुळी अशी झाली. कंपनीची बस सकाळी रायपूरच्या जुन्या भागातून माणसं गोळा करत नव्या राजधानीकडे निघायची. मी तात्यापाऱ्याच्या चौकात चढायची. पहिल्याच दिवशी एका बाईशेजारी रिकामी जागा दिसली म्हणून बसले, तर बाईंनी दोनदा हुंगलं आणि विचारलं, "पूजा करून आली का?"

"हो."

"कापूर लावला. धूर केसात बसून राहिला. उठ, मागं जाय."

मी उठले. एवढ्या सकाळी भांडायची माझी तयारी नव्हती. मागच्या सीटवर बसते न बसते तोच पुढून बाईंनी विचारलं, "मराठी आहे का?" मी म्हटलं, हो, तात्यापाऱ्यातली. "मंग तर अजून बारीक पाहावं लागन. आपले लोक खोटं लय शुद्ध बोलतात." यावर बसमधल्या कुणाला हसू आलं नाही, कारण बाकीच्यांना मराठी कळत नव्हतं. मलाही तेव्हा आलं नाही. नंतर मात्र अनेकदा आलं.

ही नवी राजधानी म्हणजे नवा रायपूर. तो त्या वेळी नुसता रुंद रस्त्यांचा आणि माणसं नसलेल्या चौकांचा होता. त्यात एका बाजूला आमचा मायक्रोचिपचा कारखाना उभा राहिला होता. मी भरती आणि हजेरी बघायची. मेश्रामबाई नव्याने लागलेल्या पोरापोरींना क्लीनरूमचे नियम शिकवायच्या. क्लीनरूम म्हणजे जिथे चिप तयार होते ती खोली. तिथली हवा सतत गाळलेली असते, आणि डोळ्यांना दिसतही नाही असा एक कण चिपवर बसला की ती वाया जाते. आता रायपुरात गच्चीवर वाळत घातलेली चादर संध्याकाळी काढावी, तर तिच्यावर कारखान्यांची काळी भुकटी बसलेली असते. अशा गावातल्या माणसांना धुळीविना जगायला शिकवायचं, हे बाईंचं काम.

बाईंचं सगळं चरित्र मला ठाऊक नाही आणि त्यांनी ते सांगितलंही नसतं. वडील रेल्वेच्या वॅगन कारखान्यात होते, लहानपण क्वार्टरमध्ये गेलं, मग नागपूरकडे सलाईन बनवणाऱ्या कारखान्यात बरीच वर्षं नोकरी, आणि आईच्या आजारपणापायी परत रायपूर. एवढंच. कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही, नखं मुळापासून कापलेली आणि मे महिन्यातसुद्धा मनगटापर्यंत बाह्या. लग्न केलं नाही का, असं कुणीतरी एकदा विचारलं होतं. त्याला उत्तर मिळालं, "तुम्ही कोणाच्या बाजूनं विचारून राहिले?"

नव्या तुकडीचा पहिला दिवस बघण्यासारखा असायचा. सिलिकॉनच्या ज्या तबकडीवर चिप बनते तिला वेफर म्हणतात, हे कळल्यावर पोरं हमखास हसायची. वेफरही खायचा, चिपही खायची, म्हणजे हा फराळाचाच कारखाना. बाई त्यांना पोटभर हसू द्यायच्या. मग म्हणायच्या, "हँस लिए? अंदर हँसोगे तो थूक उड़ेगी. अब बताओ, सुबह बदन पर क्या लगाया?"

"कुछ नहीं मैडम."

सगळे एका सुरात. बाईंना या उत्तराची इतकी सवय होती की त्या ते ऐकतही नव्हत्या. टेबलावर एक काळं मखमली कापड अंथरलेलं असे. एकेकाने बाही वर करून कोपरापासून मनगटापर्यंत हात त्यावर फिरवायचा. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत असेल. घामोळ्यांची पावडर अंगावर थापल्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही. कापडावर पांढरे पट्टे उमटायचे. ज्यांनी खरंच काही लावलेलं नसायचं, त्यांच्याही हाताखालून बारीक भुरभुर पडायचीच. "आदमी मतलब कोंढे की बोरी," बाई म्हणायच्या. छत्तीसगढीत कोंढा म्हणजे धानावरून निघालेला भुसा. त्यामुळे पोरांना तो लगेच कळायचा, आणि मला मराठीतला डोक्यातला कोंडा आठवून हात आपोआप केसांकडे जायचा. दोन्ही भाषांत नेम बरोबर बसणारा हा शब्द बाईंनी कुठून शोधून काढला होता, कोण जाणे.

पण त्यांचं खरं वैर होतं 'हव' या शब्दाशी. छत्तीसगढी माणूस हो म्हणायचं असलं की हव म्हणतो. आणि कुणी मोठं माणूस बोलत असलं की, पटो न पटो, कळो न कळो, मान खाली घालून हवच म्हणतो. आमच्या पोरी तर वाक्य पुरं व्हायच्या आत हव म्हणून मोकळ्या व्हायच्या. बाईंनी वर्गात हा शब्दच बंद करून टाकला. "समझ गए?" असं विचारल्यावर जो हव म्हणेल, त्याने पुढे येऊन सगळं पहिल्यापासून करून दाखवायचं: आधी टोपी, मग अंगरखा, मग बूट, अंगरख्याची बाही जमिनीला लागली की पुन्हा सुरुवात. मला त्या बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "हव म्हंजे हो नाही, माधुरी. हव म्हंजे याले कान आहेत, एवढंच समजायचं. तू हजेरी घेतेस, तूही ध्यानात ठेव."

त्यांच्या शंकेला नातं, पद, सणवार काही आडवं येत नसे. एका पोराचं नुकतंच लग्न झालं होतं. हळद अंगावर तशीच घेऊन तो कामावर हजर झाला. बाईंनी त्याला दारातूनच परत पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याची आई गेटवर आली आणि तावातावाने म्हणाली, हळद शगुनाची असते, ती अशी घासून काढायची का? बाई शांतपणे बाहेर गेल्या. "शगुन घर में रखो, अम्मा. यहाँ मशीन कुँवारी है." म्हातारी इतकी चकित झाली की भांडायचंच विसरली. मोठे साहेब, म्हणजे कारखान्याचे प्रमुख, ते दूरच्या राज्यातून आलेले, एकदा दाढीनंतरचं सुगंधी पाणी लावून आत निघाले होते. त्यांनाही बाईंनी दारातल्या, बुटांची धूळ धरून ठेवणाऱ्या चिकट चटईवर उभं करून परत फिरवलं. साहेब हसले, पण तोंड धुवायला गेले.

मी हे सगळं मजेने बघायची. शंका घेणारं माणूस दुसऱ्यावर शंका घेत असतं तोवर मजेचं वाटतं.

थंडी सुरू झाली आणि चाचणीसाठी काढलेली चिपची पहिली तुकडी वाया गेली. मग दुसरी. यंत्रात दोष नव्हता, हवाही ठीक होती. शोध घेता घेता बोट येऊन थांबलं ते कपडे बदलायच्या खोलीवर, जिथे सगळे अंगरखे चढवतात. तिथे कण मोजणारं यंत्र लावलेलं होतं, त्याचा आकडा मध्येच चढायचा, मध्येच उतरायचा. कुणीतरी अंगावरून काहीतरी आत नेतंय, एवढं नक्की. साहेबांवर वरून दट्ट्या आला होता. त्यांनी मेश्रामबाईंना सांगितलं, कोण ते नाव द्या, त्याला घरी पाठवू.

झालं. कारखान्यात जो तो दुसऱ्याला हुंगायला लागला. जेवायच्या वेळी कुणी कुणाच्या डब्याशेजारी डबा ठेवेना. ही पावडर लावते, तो बिडी ओढून येतो, हिच्या डोळ्यांत काजळ असतं, अशी कुजबुज माझ्या कानावर यायची, आणि तीही शपथेवर. शेवटी सगळ्यांची नजर दुलेश्वरीवर येऊन ठरली.

दुलेश्वरी पुरानी बस्तीत राहायची. अंगाने किरकोळ, बोलायला त्याहून किरकोळ. तिचा बाप राईस मिलमध्ये हमाल होता, म्हणजे घरात भुसा येणारच, असा लोकांचा हिशेब. शिवाय सुरुवातीला एकदा बाईंनी तिला गुडाखूवरून पकडलं होतं. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाचा काळा लगदा. आमच्याकडे पुष्कळ बायका सकाळी तो हिरड्यांना घासतात. तिने तो सोडला होता. पण एकदा पकडला गेलेला माणूस लोकांच्या लेखी कायमचा पकडलेला असतो. तिचं काय पणाला लागलंय हे मला माहीत होतं, कारण तिने मलाच सांगितलं होतं. घरी एक स्थळ येऊन बसलं होतं. मुलगा दुप्पट वयाचा, बिजवर. बाप म्हणाला होता, नोकरी पक्की झाली तर त्यांना नाही म्हणू, नाही झाली तर चैतात लग्न. "पक्की हो जाएगी ना, दीदी?" असं ती हजेरीच्या खिडकीशी येऊन विचारायची. मी म्हणायची, का नाही होणार.

एके दिवशी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. बाईही तिथे होत्या. थोड्या वेळाने साहेब माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, हिला कामावरून काढायचा कागद तयार करा, तिने कबूल केलंय.

"काय कबूल केलं, सर?"

साहेबांनी मोडक्या हिंदीत सांगितलं. त्यांनी विचारलं होतं, "डस्ट तुमसे आया?" आणि ती म्हणाली होती, "हव."

मला पुढचं ऐकवेना. "सर, हव म्हणजे हो असंच नसतं. ती घाबरली असेल. इथे कुणीही मोठ्या माणसापुढे..." साहेब मला मध्येच थांबवून म्हणाले की मेश्राम मॅडम समोरच बसल्या होत्या, त्यांनी तर काही हरकत घेतली नाही.

मी तशीच ट्रेनिंगच्या खोलीत गेले. बाई खिडकीशी उभ्या होत्या.

"शोभाताई, ती हव म्हणाली."

"मले माहीत आहे."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

बाईंनी बाहीचं टोक मनगटावर खाली ओढलं. मग एवढंच म्हणाल्या, "कागद आत्ताच करू नको. थांब जरासं."

"किती थांबू? पोरीला घरी बसवलंय त्यांनी."

"थांब म्हटलं ना वं!"

त्या कधी ओरडत नसत. त्या दिवशी मला बाईंचा मनापासून राग आला. जिने मला हा शब्द समजावून दिला, तिनेच ऐन वेळी तोंड मिटलं होतं. आणि का मिटलं असेल, याचा विचार करायला लागले तेव्हा मला भीतीही वाटली. कुणाला तरी वाचवतायत का? साहेबांच्या मर्जीत राहायचंय का? बाईंकडूनच शिकलेलं सगळं हुंगणं मी आता बाईंवर वापरायला लागले. बसमध्ये त्यांच्याकडे बघणं सोडलं. त्याही माझ्याकडे बघत नव्हत्या. मी कागद केला नाही, साहेबांना आज करते, उद्या करते असं सांगत राहिले, आणि तिकडे पुरानी बस्तीत दुलेश्वरी घरी बसून होती.

मग एका सकाळी बाईंनी सगळ्यांना कपडे बदलायच्या खोलीबाहेर बोलावलं. साहेबांनाही. दुलेश्वरीला निरोप गेला होता. ती आली, बाप गेटबाहेर सायकल धरून थांबला. बाईंनी सांगितलं, एकेकाने एकट्यानेच आत जायचं, अंगरखा घालायचा, काढायचा आणि बाहेर यायचं. आत दुसरं कुणी नको. त्या स्वतः काचेबाहेर उभ्या राहिल्या, आणि यंत्राचा आकडा मोठ्याने वाचायचं काम माझ्याकडे आलं.

एकेक जण गेला. आकडा जागचा हलला नाही. काजळवाली गेली, बिडीवाला गेला, आकडा गप्प. सगळ्यात शेवटी दुलेश्वरी गेली. तिने टोपी घालताना एकदा काचेकडे पाहिलं. अंगरख्याची बाही तिने जमिनीला लागू दिली नाही. मी आकडा वाचला. तेवढाच होता. माझा आवाज जरा जास्तच मोठा निघाला असावा, कारण सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तो फिर कौन?" साहेब म्हणाले.

"एक बाकी है," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी त्यांना शेकडो वेळा अंगरखा घालताना पाहिलं होतं. त्याच दाखवायच्या, त्यामुळे दिवसातून सगळ्यात जास्त वेळा त्या खोलीत कपडे चढवणाऱ्या आणि उतरवणाऱ्या त्याच होत्या, हे त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी नेहमीसारखंच सावकाश, बिनचूक सगळं केलं. एक केस बाहेर नाही, एक चूक नाही. आणि आकडा चढायला लागला.

मी वाचायची थांबले.

"वाच," काचेआडून बाईंचा आवाज आला. त्यांनी हात दोन्हीकडे पसरून हलवले. आकडा अजून चढला. मी वाचत गेले.

बाहेर येऊन त्यांनी सगळ्यांसमोर बाह्या वर केल्या. कोपरापासून वर लाल चट्टे होते आणि त्यांवर कोरडे पांढरे पापुद्रे. "सोरायसिस," त्या म्हणाल्या. "ठंड में बढ़ता है. छूने से किसी को नहीं होता, डरना मत. लेकिन झड़ता है." दुलेश्वरीकडे वळून त्या आणखी काही बोलणार होत्या, पण ती नजर जमिनीवर ठेवून उभी होती. बाईंनी बाह्या खाली केल्या.

साहेब चांगला माणूस निघाला. त्यांनी बाईंना सांगितलं, बाहेर वर्गात शिकवा, आत जायची गरज नाही. बाईंनी ऐकलं नाही, राजीनामा लिहून दिला. मला म्हणाल्या, "आत न जाता आतलं शिकवणारा माणूस मले कधी खरा वाटला नाही." मी पुष्कळ सांगून पाहिलं. सांगताना एकदा रडायलाच आलं, तर त्या म्हणाल्या, "हे खरं आहे का नाटक?" तेव्हा मी रडता रडता हसले.

दुलेश्वरीची नोकरी पक्की झाली.

त्या सगळ्याबद्दल माझं मन आजही एका जागी थांबत नाही. कधी वाटतं, एवढ्या माणसांपुढे आपलंच नाव घेणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. कधी वाटतं, पण ते घ्यायला इतके दिवस का लागले? बाईंविषयी मला माया होती आणि आहे. तरी हा प्रश्न विझत नाही, आणि तो विझू नये असं बाईंनीच मला शिकवून ठेवलंय.

त्यांचा शेवटचा दिवस. संध्याकाळची बस. उन्हं उतरली होती. बाई पुढे खिडकीशी बसल्या होत्या, मी त्यांच्या मागे. बस नव्या राजधानीचे रिकामे चौक ओलांडत असताना दुलेश्वरी तिच्या जागेवरून उठली आणि बाईंच्या सीटशी येऊन दांड्याला धरून उभी राहिली. इतक्या दिवसांत ती बाईंशी एक शब्द बोलली नव्हती.

"मैडम, आपको कब से पता था?"

बाई खिडकीकडून तिच्याकडे वळल्या.

"पता नहीं था. शक था." मग बाही खाली ओढत, "तुम्हारे केबिन में जाने के पहले से था. औरों पर शक हुआ तो मैंने उसी दिन बोला. अपने पर हुआ तो रुक गई."

मला वाटलं, आता पोरगी काहीतरी बोलून जाईल, आणि बोलली असती तर मी तिला अडवलं नसतं. पण तिने फक्त ओढणीचा शेव बोटाला गुंडाळला.

"बाबूजी नहीं मानते," ती म्हणाली. "नौकरी पक्की हो गई, तब भी नहीं मानते. बोलते हैं, कुछ तो किया होगा, तभी निकाले थे. लड़के वालों को अभी तक ना नहीं बोले."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या भुवया वर गेल्या नाहीत. मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. एरवी त्या मागायच्याच, तो पुरावा त्यांनी मागितला नाही.

"घर पे मिलेंगे अभी?"

"इस बखत आ जाते हैं."

पुरानी बस्तीच्या तोंडाशी बस थांबली. तो बाईंचा थांबा नव्हता. दुलेश्वरी उतरली आणि तिच्यामागे मेश्रामबाई उतरल्या. मी म्हटलं, "ताई, मी येऊ का सोबत?" त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर अडकल्या होत्या, त्या निघेपर्यंत ड्रायव्हरला थांबावं लागलं, म्हणून मला दिसलं. पोरगी पुढे झपाझप चालली होती, बाई तिच्या मागे, एका हाताने पदर सावरत. तिसऱ्या की चौथ्या दाराशी पोरगी बाजूला झाली. बाईंनी कडी वाजवली. आतून कुणीतरी येत असावं, पण दार उघडेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. बस हलली तेव्हा दार अजून बंदच होतं, आणि बाई बोलायला लागल्या होत्या.